मोले, नेत्रावळी, खोतीगाव: रानातल्या बजरीवर पहिल्यांदा सायकल नेणाऱ्यांसाठी

गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटर भूभागापैकी सुमारे ७५५ चौरस किलोमीटर भूभाग सहा अभयारण्ये आणि एका राष्ट्रीय उद्यानाखाली आहे. चोडणचे छोटे पक्षी अभयारण्य सोडले तर हे सगळे क्षेत्र सत्तरीपासून काणकोणपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि उतारांवर पसरलेले आहे. किनारपट्टीच्या रस्त्यांवर भाड्याच्या गाड्या आणि पर्यटक बस यांच्यामधून अंग चोरून सायकल चालवणाऱ्या कोणालाही या पूर्वेकडच्या पट्ट्याची ओढ लागणे स्वाभाविक आहे. डांबरी रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर सहज जाणाऱ्या, पण कच्च्या वाटेवर अजून सायकल न नेलेल्या वाचकासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. वाहनांपासून मोकळी वाट नकाशावर शोधून सापडत नाही. ऋतू, वार, दिवसाचा प्रहर आणि वनखात्याची परवानगी या चारही गोष्टी जुळल्या म्हणजे ती मिळते. जी वाट मंगळवारी सकाळी साडेसातला निर्मनुष्य असते, तीच रविवारी अकरा वाजता धुळीने भरलेली असते. म्हणून पुढील तयारी दिलेल्या क्रमानेच करावी, आणि सायकल विकत घेण्याचा विचार सर्वांत आधी करू नये.

परवानगीपासून सुरुवात

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात प्रवेश करण्यासाठी परवानगी लागते आणि ती देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे असतो. आतून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गाने प्रवास करणारे आणि आत जमीनजुमल्याचा हक्क असलेले लोक यांना कायद्याने मोकळीक दिली आहे; इतर सर्वांनी फाटकावर तिकीट काढून, नोंद करूनच आत जायचे असते. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे. फाटकावरचे तिकीट म्हणजे आतल्या प्रत्येक पायवाटेचा परवाना नव्हे. कोणत्या वाटेने जायचे, ती वाट सायकलसाठी खुली आहे का, सोबत वाटाड्या सक्तीचा आहे का, हे प्रत्येक वाटेगणिक वेगळे असते आणि ऋतूप्रमाणे बदलते.

यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती एक दिवस आधीची प्रत्यक्ष भेट. मोले येथे वनखात्याचे निसर्ग परिचय केंद्र आहे, खोतीगावच्या प्रवेशद्वारापाशीही तसेच केंद्र आहे. तेथे किंवा परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नेमके विचारावे. “रानात सायकल चालवता येते का” असा मोघम प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा नकाराचेच येते, आणि ते साहजिक आहे. त्याऐवजी असे सांगावे: “आम्ही तिघे जण आहोत, तिघांकडेही सायकली आहेत. उद्या सकाळी साडेसातला या फाटकातून आत जाऊन मचाणापर्यंत पोहोचू आणि साडेदहाच्या आत परत येऊ. वाटेत कुठे काम चालू आहे का? गवे सध्या कोणत्या बाजूला आहेत?” माणसे किती, वाट कोणती, परतण्याची वेळ कोणती, हे ऐकले म्हणजे वनरक्षकालाही निर्णय घेणे सोपे जाते, शिवाय त्याच्या उत्तरातून जी माहिती मिळते ती कोणत्याही ॲपवर नसते. नकार मिळाला तर तो मुकाट्याने मान्य करावा. त्या आठवड्यात एखादी वाघीण पिल्लांसह फिरत असेल किंवा एखादा साकव खचला असेल, आणि प्रत्येक कारण फाटकावर उलगडून सांगितले जाईलच असे नाही.

अभयारण्यांच्या हद्दीत गावे आहेत, कुळागरे म्हणजे सुपारीच्या बागा आहेत, काजूची भाटे म्हणजे बागा आहेत. एखादी सुंदर कच्ची वाट वळण घेऊन थेट कोणाच्या अंगणात संपते. अशा वेळी सायकलवरून उतरून, हाक मारून, विचारूनच पुढे जावे.

ऋतू, वार आणि प्रहर

जूनपासून सप्टेंबरपर्यंत नवख्याने रानातल्या कच्च्या वाटेचा विचारच करू नये. व्हाळ म्हणजे ओढे क्षणात फुगतात, शेवाळ साचते, जळवा लागतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, पण सावलीतल्या जांभ्यावरचे शेवाळ लगेच वाळत नाही. वरून कोरडी वाटणारी काळसर वाट चाकाखाली साबणासारखी निसटते.

खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. त्यातही पहिल्या महिन्यात जमिनीत ओल टिकून असते, माती घट्ट बसलेली असते आणि चाक छान धरते. पुढे पुढे रहदारीने मातीची भुकटी होते, तिच्याखाली खडे दडतात, आणि जिथे जीप चालतात तिथे वाटेवर आडव्या लाटा उमटतात, ज्यांवरून जाताना मनगटांपासून दातांपर्यंत सर्व काही हादरते. म्हणून शिकणाऱ्याने डिसेंबरची वाट न पाहता नोव्हेंबरच्या अखेरीस सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्चपासून उन्हाबरोबर वणव्याची भीतीही येते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या अनेक डोंगरांवर आगी लागल्या होत्या. त्या दिवसांत पानगळीचा थर वाटेवर घोटाभर साचतो आणि त्याखालचा दगड दिसत नाही, हे सायकलस्वाराच्या दृष्टीने आणखी एक कारण. रानात धूर दिसला की पुढे न जाता मागे फिरावे आणि फाटकावर कळवावे.

वारांपैकी मंगळवार ते गुरुवार उत्तम. नाताळ ते नववर्ष हा काळ पूर्ण टाळावा, आणि तांबडी सुर्लाकडे जायचे असेल तर महाशिवरात्रीचा दिवसही टाळावा, कारण त्या दिवशी तिथल्या महादेवाच्या दर्शनाला मोठी गर्दी लोटते.

प्रहराबाबत मात्र थोडा विचार लागतो. झुंजुमुंजू होताच निघावे म्हणजे एकही गाडी भेटणार नाही, असे वाटते, आणि ते खरेही आहे. पण पहाट आणि संध्याकाळ हा वन्यप्राण्यांचा हक्काचा वेळ आहे, तेव्हा ते पाण्यावर येतात, वाटा ओलांडतात. सूर्य वर आल्यावर, म्हणजे साडेसातच्या सुमारास आत जावे. किनाऱ्याकडून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या साधारण साडेनऊ-दहानंतर पोहोचू लागतात. मधले दोन-अडीच तास हे आपले. पहिल्या काही सफरींना तेवढे पुरेसे असतात.

सायकल आणि हवेचा दाब

ग्रॅव्हल सायकल म्हणजे रोड सायकलसारखे वळलेले हँडल, पण रुंद टायर, जास्त सोपे गिअर आणि खडबडीत वाटेवर स्थिर राहील अशी चौकट असलेली सायकल. ती महाग असते, आणि पहिल्या हंगामासाठी तिची गरज नाही. जुनी माउंटन बाइक किंवा रुंद टायर बसू शकणारी हायब्रिड सायकल यांवर सर्व काही शिकता येते. पाहायच्या गोष्टी तीनच: टायर किमान ३८ मिलिमीटर, शक्यतो ४० ते ४५, ब्रेक डिस्क प्रकारचे, आणि सर्वांत सोप्या गिअरमध्ये पुढच्या चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांइतके किंवा त्याहून कमी, उदाहरणार्थ पुढे ३० आणि मागे ३४. आपल्या डोंगरांतले चढ लांब नसतात, पण अचानक उभे होतात, आणि सैल बजरीवर उभे राहून पेडल मारता येत नाही. बसूनच चढावे लागते. म्हणून सोपा गिअर हवाच.

टायरमधल्या हवेकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि पहिल्या सफरीचे सुख-दुःख जवळजवळ तिच्यावरच ठरते. डांबरी रस्त्याच्या सवयीने ६० पीएसआय (पंपाच्या काट्यावरचे हवेच्या दाबाचे एकक) हवा भरलेला टायर खड्यावरून उसळतो, चाक हवेत राहते आणि हवेतले चाक ना वळते ना थांबते. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआयपासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच अधिक. वजनाप्रमाणे हा आकडा वर-खाली होईल. मग ओळखीच्या खडबडीत तुकड्यावर एक फेरी मारावी, दोन पीएसआय कमी करावे, पुन्हा फेरी मारावी. दगडावर चाक आदळताना रिमचा ‘ठक्’ असा आवाज आला की दाब फार उतरला. तिथून तीन-चार पीएसआय वाढवले की आपला आकडा सापडला. तो लिहून ठेवावा, कारण पंपाच्या काट्यांमध्ये फरक असतो आणि आपल्या पंपावरचा आकडाच आपल्या कामाचा.

ट्यूबलेस टायर परवडत असेल तर जरूर घ्यावा, कारण रानातल्या काट्याने होणारे बारीक छिद्र आतला द्रव आपोआप बुजवतो. आपल्या हवेत मात्र तो द्रव तीन-चार महिन्यांत सुकतो, त्यामुळे पावसाळ्याआधी भरलेल्या द्रवावर हिवाळ्यात भरवसा ठेवू नये.

सड्यावर सराव

रानात शिरण्याआधी दोन-तीन सकाळी गावाजवळच्या मोकळ्या सड्यावर घालवाव्यात. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. गोव्यात ते जागोजाग आहे, दूरवर दिसते, पडले तरी फार तर गुडघा खरचटतो.

पायाखालची ही जमीन एकदा खाली बसून नीट पाहावी. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांमुळे लाखो वर्षांत मूळ खडकातले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली; त्यातून हा लाल, सच्छिद्र जांभा तयार झाला, ज्याचे चिरे आपल्या घरांच्या भिंतींत आहेत. त्याच्या माथ्यावर पाऊस माती धुऊन नेतो आणि लोहाचे टणक, गोलसर खडे मागे उरतात. मिरीपासून सुपारीपर्यंतच्या आकाराचे हे खडे कठीण जांभ्यावर नुसते पडलेले असतात, मातीत रुतलेले नसतात. फोडलेल्या खडीला कोपरे असतात, ती एकमेकांत अडकते आणि चाकाला आधार देते. आपली बजरी गोल असल्याने घरंगळते. परदेशी चित्रफिती पाहून शिकलेल्या माणसाला इथे पहिल्याच वळणावर आश्चर्य वाटते ते यामुळे.

सरावाचा पहिला भाग ब्रेकचा. दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने सरळ रेषेत यावे आणि आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबावे. मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येते, पुढचे घसरले तर बहुधा माणूस जमिनीवर असतो. तरीही थांबण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये आहे. म्हणून तो टाळायचा नाही, एका बोटाने, दाब वाढवत नेत वापरायला शिकायचा. दोन चिरे ठेवून त्यांच्यामध्ये थांबण्याचा सराव केला म्हणजे अंदाज येतो.

दुसरा भाग वळणाचा. वेग वळणाच्या आधी, चाक सरळ असताना कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेकला हात लावू नये. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, पूर्ण भार त्या पेडलवर, सायकल थोडी कलती आणि शरीर ताठ. नजर वळणाच्या शेवटी. नजर पुढच्या चाकाजवळच्या खड्यावर गेली की चाकही नेमके त्याच खड्यावर जाते.

तिसरा भाग म्हणजे हात सैल ठेवणे, आणि तो सर्वांत अवघड. बजरीवर पुढचे चाक सतत थोडे इकडे-तिकडे होत असते, आणि घाबरलेला माणूस हँडल घट्ट धरून ते थांबवू पाहतो. तसे केले की प्रत्येक हिसका खांद्यांपर्यंत पोहोचतो आणि तोल जातो. कोपरे वाकलेली, बोटे ब्रेकवर, पकड हलकी, आणि पाय मात्र एकसारखे फिरते, असे पाचशे मीटर न अडखळता जाता आले म्हणजे रानात जायला हरकत नाही.

व्हाळ ओलांडण्याचा नियम सोपा आहे: तळ दिसत नसेल, पाणी घोट्याच्या वर असेल किंवा वाहते असेल तर उतरून, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून चालत जावे. चाकाच्या मधल्या दांड्यापर्यंत पाणी गेले की बेअरिंगमध्ये शिरते. पाण्यातून बाहेर आल्यावर डिस्क ब्रेक काही क्षण नीट धरत नाहीत, म्हणून पुढच्या उताराआधी ते दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करावेत.

कोणत्या वाटेने आधी जावे

माझ्या मते पहिली सफर खोतीगावची करावी. काणकोणच्या चावडीहून कारवारच्या दिशेने राष्ट्रीय महामार्ग ६६ने गेल्यावर डावीकडे फुटणाऱ्या रस्त्याने थोड्या अंतरावर अभयारण्याचे प्रवेशद्वार लागते. १९६८ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे आहे. आत वस्त्यांपर्यंत जाणारा अरुंद, दाट सावलीचा डांबरी रस्ता आहे आणि त्याला फुटलेल्या मातीच्या वाटा आहेत, ज्यांपैकी एक पाणवठ्याजवळच्या उंच मचाणाकडे जाते. नवख्याला याहून चांगली रचना मिळणार नाही: एकच मुख्य रस्ता असल्याने वाट चुकत नाही, कच्चा भाग झेपला नाही तर लगेच डांबरावर परतता येते, आणि वाटेत वेळीप व कुणबी समाजाच्या वस्त्या असल्याने अडचणीत माणूस भेटतो. खोतीगावात मोठा प्राणी दिसण्याची अपेक्षा ठेवून गेलेले लोक अनेकदा निराश होतात; सायकलवाल्याला त्या शांततेचाच लाभ होतो.

त्यानंतर सांगे ते नेत्रावळी. साळावली धरणाच्या जलाशयाच्या बाजूने जाणारा हा भाग गोव्यातल्या सर्वांत शांत रस्त्यांपैकी एक आहे. नेत्रावळीला गोपीनाथ मंदिराजवळची बुडबुड्यांची तळी पाहून, तिथल्या चौकीवर विचारून, सावरी किंवा मैनापी धबधब्यांच्या दिशेच्या मातीच्या वाटांचा परवानगी असलेला भाग घ्यावा. शेवटचा टप्पा पायीच करायचा असतो. येथून वर वेर्ले, तुडव आणि साळजिणीकडे जाणारा चढ मोहात पाडतो, पण तो दुसऱ्या हंगामासाठी राखून ठेवावा, कारण चढण्यापेक्षा तो उतरताना नवख्याचे ब्रेक आणि हात दोन्ही थकतात. मे महिन्यात जलाशय आटला की पाण्याखाली गेलेले कुर्डी गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे मूळ गाव, पुन्हा उघडे पडते आणि त्याच्याकडे जाणारा भेगाळलेला तळ सायकलसाठी सपाट मैदान वाटतो. तिथे चाके नेऊ नयेत. वरच्या कोरड्या पापुद्र्याखाली गाळ मऊच असतो, आणि ज्या जमिनीवर लोक आपल्या सोमेश्वराला भेटायला वर्षातून एकदा येतात ती जमीन पायीच चालावी.

तांबडी सुर्लाची वाट जवळजवळ पूर्ण डांबरी आहे, तरीही साकोर्ड्याहून बोळकर्णेमार्गे जाणारा तो रस्ता रानातल्या सफरीची रंगीत तालीम म्हणून उत्तम. शेवटी कदंबकालीन महादेव मंदिर आहे, काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेले. सायकल आवाराबाहेर लावावी.

मोले या सगळ्यांनंतर. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून २४० चौरस किलोमीटर होतात; त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला, आणि गोव्यातले हे एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे. गाभ्यातले नियम अभयारण्याहून कडक असतात. निसर्ग परिचय केंद्रात ज्या वाटेला होकार मिळेल तेवढीच करावी, वाटाड्या घ्यायला सांगितले तर घ्यावा, आणि सायकलला मनाई असेल तर ती वाट पायी किंवा वनखात्याच्या वाहनाने पाहावी.

दूधसागरची जीपवाट घेऊ नये. कुळेहून धबधब्याकडे जाणारी १०-१२ किलोमीटरची ती वाट छायाचित्रांत ग्रॅव्हलसाठीच बनवल्यासारखी दिसते, परंतु हंगामात तिच्यावर पर्यटकांच्या जीपची रांग असते, वाटेत पाणी ओलांडावे लागते आणि धुळीत समोरून येणाऱ्या चालकाला सायकल दिसत नाही. रेल्वेमार्गाच्या कडेने धबधब्याकडे जाणे तर बेकायदेशीर आणि जिवावरचे आहे.

अनमोड घाटातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ अभयारण्यातूनच जातो, पण तो अवजड ट्रकांचा रस्ता आहे. मोल्याला जायचे तर सायकल गाडीत घालून न्यावी, किंवा रेल्वेने कुळे स्थानकापर्यंत नेता येईल का याची चौकशी आदल्या दिवशी स्थानकावर करावी.

उपग्रह नकाशात धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत रुंद, लाल, रिकामे रस्ते दिसतील. ते खाणींचे रस्ते आहेत. २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्यावर त्यांतले बरेच ओस पडले असले तरी ती जागा सार्वजनिक नाही, खाणखड्ड्यांचे काठ ढासळतात, आणि ट्रक केव्हा सुरू होतील याचा नेम नसतो. तिकडे जाऊ नये.

सायकलचा आवाज होत नाही, हे विसरू नये

जीपचा आवाज गवा अर्धा किलोमीटर आधी ऐकतो आणि बाजूला होतो. पायी चालणाऱ्याचा वेगच इतका कमी असतो की दोघांनाही वेळ मिळतो. सायकल मात्र आवाज न करता, पळणाऱ्या माणसाच्या वेगाने, वळणावरून अचानक समोर येते. रानातल्या सायकलस्वाराची सगळी जबाबदारी या एका गोष्टीतून निघते.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. तो वाटेच्या कडेला बांबूच्या बेटात उभा असला तर आधी दिसतात ती गुडघ्याखालची पांढरी मोजे घातल्यासारखी पावले, आणि मग त्यांच्या वर सावलीचाच भाग वाटणारे काळे धूड. म्हणून वळणाआधी पंधरा-वीस मीटरवर वेग कमी करावा, घंटी एकदा वाजवावी किंवा सोबत्याशी मोठ्याने दोन शब्द बोलावे. गाणी लावू नयेत आणि कानात काही घालू नये. आपल्याला ऐकू येणे इथे सर्वांत मोलाचे आहे. वाटेवर ताजे शेण दिसले, वानरांचा इशाऱ्याचा खाकरल्यासारखा आवाज आला, किंवा रानकोंबडे एकदम उडाले, तर थांबून मिनिटभर कानोसा घ्यावा.

गवा दिसलाच तर तिथेच थांबावे. आता घंटी वाजवू नये. हळूच उतरून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी आणि त्याच्याकडे पाठ न करता मागे सरकत जावे. बहुतेक वेळा तो एक फुत्कार टाकून रानात शिरतो. तो गेला म्हणजे वाट मोकळी झाली असे मात्र समजू नये. मागून कळप येत असतो, आणि त्यात वासरे असतात. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि तरीही हालचाल जाणवत असेल तर परत फिरावे. कळपाच्या मधून सायकल कधीही काढू नये.

सकाळच्या उन्हात सापही वाटेवर येतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही आपल्याकडे आढळतात, आणि पानगळीवर पडलेले फुरसे चाकाखाली येईपर्यंत दिसत नाही. समोरच्या पाच-दहा मीटरवर नजर ठेवून चालवले तर तो धोका पुष्कळ कमी होतो. वाटेच्या कडेला सायकल टेकवण्याआधी किंवा दगडावर बसण्याआधी जागा पाहून घ्यावी, तसेच वाळलेल्या शेंगांचे वेल दिसले तर दूर राहावे, कारण खाजकुइलीची लव वाऱ्यावरही अंगाला लागते.

सोबतीचे सामान आणि दुखापत

एकट्याने जाऊ नये. तिघे असले तर एकाला लागले तरी एक त्याच्याजवळ थांबतो आणि दुसरा मदतीला जातो. माणशी तीन लिटर पाणी, चणे-गूळ किंवा केळी, जादा ट्यूब, पंप, साखळीचा जोड, मागच्या गिअरचा सुटा हँगर (गिअर चौकटीला जोडणारा तुकडा) आणि कापडी पट्टी एवढे हवेच. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा, कारण दऱ्यांत नेटवर्क नसते. घरी वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो, मात्र फोन लागेल अशा जागी यावे लागते. खोतीगावहून काणकोणचे, नेत्रावळीहून कुडचड्याचे सामुदायिक आरोग्य केंद्र आणि मोल्याहून फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, ही ठिकाणे आधीच नकाशावर खुणावून ठेवावीत. सर्पदंश झाला तर चिरा देणे, चोखणे, दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला उचलून वाहनापर्यंत न्यावे.

गोचिडीचा विषय लोक हसण्यावारी नेतात, तसे करू नये. माकडताप गोचिडींमधून पसरतो, आणि २०१५पासून सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण आढळत आले आहेत; त्याचा जोर डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात असतो. लांब बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि उघड्या भागावर गोचीड प्रतिबंधक तेल लावूनच जावे, पाचोळ्यावर लोळू नये. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

परतल्यानंतर

फाटकावरच्या वहीत बाहेर पडल्याची वेळ लिहावी आणि वाटेत पडलेले झाड, नुकतीच खचलेली वाट, गव्यांचा कळप असे जे दिसले ते वनरक्षकाला सांगावे. घरी पोहोचताच कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी आणि काखा, गुडघ्यांमागची बाजू, कंबर येथे गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. त्यानंतरच्या आठवड्याभरात अचानक ताप आणि तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

सायकल साध्या पाण्याच्या बादलीने धुवावी. दाबाच्या पाण्याने लाल माती बेअरिंगच्या आत जाते. साखळी पुसून, पूर्ण वाळवून मगच तेल लावावे आणि ते डिस्कवर उडू देऊ नये. जांभ्याची भुकटी कानशीचे काम करते, त्यामुळे ब्रेकचे पॅड डांबरी रस्त्यापेक्षा फार लवकर झिजतात. प्रत्येक सफरीनंतर ते काढून उजेडात पाहावेत, आणि घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पुढच्या सफरीआधी बदलावेत.